पाण्याच्या वाटेला लोखंड

आवळीच्या पाड्यावर पुन्हा शिलाई मशीनच आली, तेव्हा रंभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेम्पो मिशनच्या फाटकातून आत शिरला, मागची फळी खाली पडली आणि खोक्यांवर छापलेलं मशीनचं चित्र सगळ्यांना दिसलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फादर मच्याडो हसतमुखाने पुढे झाले. रंभा मिशनच्या शिवण केंद्रात वर्षानुवर्षं मुलींना शिवण शिकवत होती. खरं तर टेम्पोला पहिला हार तिने घालायचा. पण ती हातातली कात्री टेबलावर आपटून आत निघून गेली.

राग यावा असंच होतं. पाडा म्हणजे असा केवढा? घोडबंदर रोडवरून डोंगराच्या बाजूला वळलं की आधी टॉवर संपतात, मग डांबर संपतं, आणि जंगलाला टेकून वारल्यांची मूठभर घरं लागतात. या घरांत शिवण न येणारी बाई औषधालाही उरली नव्हती. सुनेला येत होतं, सासूला येत होतं, लग्न होऊन दुसऱ्या पाड्यावर गेलेल्या लेकींनाही येत होतं. दरवर्षी बॅच बसायची, बॅच उठायची, फोटो निघायचा, आणि दरवर्षी रंभा स्वतःशीच विचारायची की आता या कुणाचं शिवणार? एकमेकींचे ब्लाउज? टॉवरमधल्या बायका कपडे मोबाइलवर मागवत होत्या. मुलींनी शिवलेले परकर, पिशव्या आणि पायपुसणी केंद्राच्या कपाटात साठत जायची. नाताळच्या सुमाराला ठाण्यातली चर्चची मंडळी येऊन त्यातलं थोडं दयेपोटी घेऊन जायची. उरलेलं कपाटातच राहायचं. आणि ज्यांनी ते शिवलं त्या मुली सकाळी उठून टॉवरमध्ये लादी पुसायला जायच्या.

देणारे मात्र बदलत राहायचे. कधी परदेशातली संस्था, कधी एखाद्या कंपनीचं समाजसेवेचं खातं, कधी वांद्र्याची कुणी सधन बाई आपल्या आईच्या स्मरणार्थ. गरीब बाई म्हटलं की या सगळ्यांना एकच वस्तू सुचायची. "बाई जन्माला येते तीच मशीनवर पाय ठेवून, असं वाटतं यांना," रंभा म्हणायची. तिचा नवरा हसायचा. तिला हसू येत नसे.

या वेळचं दुखणं मात्र जास्त मोठं होतं. शिवणाचा हॉल आधीच मशीनने खच्चून भरलेला. नवी मशीन ठेवायची कुठे? फादरांनी तोडगा काढला होता. मागच्या बाजूला प्लंबिंगच्या वर्गाची खोली होती, ती रिकामी करायची. ती खोली होती मुलांसाठी. दर शनिवारी ठाकुर्लीहून विकी सर यायचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पाइप फिटर म्हणून राबलेला माणूस, शिकवायची मनापासून हौस. खोलीत जाड लाकडी बाक होता, त्याला पाइप पकडायचा व्हाइस ठोकलेला होता, भिंतीवर पाने टांगलेले होते. नव्हती ती फक्त मुलं. पाड्यावरच्या पोरांना शनिवारी केटरिंगची कामं मिळायची, कुणी डिलिव्हरीच्या बाइकवर, कुणी सोसायटीच्या गेटवर. विकी सर येऊन बसायचे, चहा प्यायचे, हत्यारांना तेल लावायचे आणि संध्याकाळी परत जायचे. वर्ग चालत नाही, खोली अडून पडलीय, येत्या रविवारी मशीनना आशीर्वाद देऊ आणि वर्ग बंद करू, असं फादरांनी जाहीर केलं. खोकी तर त्यांनी त्याच संध्याकाळी त्या खोलीत नेऊन रचलीसुद्धा.

आणि नेमकं त्याच वर्गात कादंबरीला शिकायचं होतं.

कादंबरी ही पाड्यावरच्याच गणूची मुलगी. दहावी झालेली, रंभाच्या गेल्या बॅचमधली सगळ्यात नीटस हाताची. शिवण संपल्यावर तीही इतरींसारखी टॉवरमध्ये कामाला लागली होती. तिथे एका घरी स्वयंपाकघरातला नळ सुटला. घरातली मॅडम एकटी, कडेवर लहान मूल. सोसायटीच्या यादीतला प्लंबर अनोळखी, नवरा ऑफिसात, दार उघडायला ती घाबरत होती. पाणी ओट्यावरून लादीवर, लादीवरून हॉलमध्ये. कादंबरी सिंकखाली शिरली, चाचपत मुख्य कॉक शोधला आणि जोर लावून बंद केला. मॅडम म्हणाली, "तुला हे येतं? अगं, आमच्या अख्ख्या बिल्डिंगला बाईमाणूसच पाहिजे या कामाला."

त्या दिवशी कादंबरी कामावरून थेट केंद्रात आली होती.

"टीचर, मला विकी सरांकडे बसायचंय."

"तो मुलांचा वर्ग आहे."

"कोण मुलं? तिथे तर सर एकटेच असतात." मग ती जे बोलली ते रंभाच्या डोक्यात रुतून बसलं. "पाणी डोक्यावरनं आणायचं असेल तर बाईने आणायचं, आणि नळातनं आणायचं असेल तर पुरुषाने. हे कोणी ठरवलं, टीचर?"

प्रश्न हवेतला नव्हता. डोंगराच्या कुशीत झऱ्याजवळ एक जुनी बाव होती, म्हणजे विहीर. तिथून खाली पाड्यापर्यंत मिशनने कधीकाळी पाइप टाकला होता. तो वरच्या सांध्याला फुटला की महिनोन्महिने फुटलेलाच राहायचा. पुरुष म्हणायचे, प्लंबर येईल. प्लंबर यायचा तेव्हा यायचा. तोवर बायका हंडे घेऊन निसरड्या दगडांवरून वर जायच्या. रंभाची जाऊ तिथेच घसरली होती. तिचा हात वाकडा जुळला तो जुळलाच. हंडा कसाबसा पेलते, पण शिवणाची कापडं त्या हाताने सरळ सरकत नाहीत.

कादंबरीला रंभाने तेव्हा काय उत्तर द्यायचं? तिला इतकंच ठाऊक होतं की हा मिशनचा नियम आहे. मुलींना शिवण, मुलांना प्लंबिंग. ती स्वतः शाळेत आली तेव्हापासून हे असंच होतं, आणि मिशनच्या नियमाविरुद्ध बोलायला तिची जीभ सहजी रेटत नसे. कारण त्या मिशनचे तिच्यावर उपकार होते, खरेखुरे, तोंडदेखले नव्हे. सिस्टर एलिझा नावाची एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई एके काळी पाड्यावर घरोघर फिरायची. रंभाचा बाप म्हणाला, पोरगी शाळेत गेली तर बकऱ्या कोण बघेल? सिस्टर म्हणाल्या, मी बघते. आणि खरोखरच दोन दिवस त्या झगा सावरत बकऱ्यांमागे फिरल्या. तिसऱ्या दिवशी बापाला लाज वाटली आणि रंभा शाळेत गेली. तिथे तिला वाचता आलं, लिहिता आलं, चारचौघांत मान वर करून बोलता आलं. तिला कुणी ख्रिश्चन हो म्हटलं नाही. ती आजही वाघदेवाला नारळ फोडते आणि नाताळला केकही खाते, आणि दोन्हीत तिला काही गैर वाटत नाही. म्हणूनच हा राग जास्त जळजळीत होता. ज्यांनी प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांच्याच दारात प्रश्न अडला होता.

टेम्पो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती फादरांच्या ऑफिसात गेली. फादर मच्याडो वसईचे, चाळिशीतले, बोलायला मऊ. तीनच वर्षं झाली होती त्यांना इथे येऊन. माणूस वाईट नव्हता. पाड्यावर कुणी आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारा होता. पण सावध फार. मध्यंतरी ठाण्याहून काही टोळकी येऊन फाटकापाशी घोषणा देऊन गेली होती की इथे आदिवासींच्या रूढी मोडल्या जातात. तेव्हापासून तर फादर पाड्यात पाऊलही फुंकून टाकायचे.

"फादर, प्लंबिंगचा वर्ग बंद करू नका. मुली येतील. मी आणते मुली."

फादरांचा चेहरा पडला. "रंभाताई, मला मनापासून आवडलं असतं. पण तुमच्यात ते चालत नाही ना."

"काय चालत नाही?"

"बायकांनी पाण्याच्या वाटेला लोखंड लावलेलं, म्हणजे पाना, पाइप, कुठलंही हत्यार. आसरा कोपतात, अशी तुमची रीत आहे. मी चार्ज घेतला त्याच दिवशी आधीच्या फादरांनी मला बजावून सांगितलं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं. शाळेच्या किल्ल्या दिल्या आणि ही गोष्ट सांगितली."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, त्या तिला माहीत होत्या. लहानपणापासून ती बावेच्या काठावर त्यांना फूल वाहत आली होती. पण लोखंडाचं हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"फादर, ही आमची रीत नाही. मला तर वाटायचं हा तुमचा नियम आहे."

"आमचा?" फादर गोंधळले. "आम्ही कशाला असा नियम करू? आम्ही तर तुमच्या रीतीचा मान ठेवतो."

म्हणजे इतकी वर्षं हा खेळ चालला होता. पाड्यातल्या बायका समजत होत्या की हा मिशनचा कायदा. मिशनवाले समजत होते की ही पाड्याची रीत. दोघंही एकमेकांचा मान ठेवत होते, आणि त्या मानापायी एकेक बॅच परकर शिवून टॉवरची लादी पुसायला जात होती. रंभाला आधी हसू फुटलं आणि लगेच डोक्यात तिडीक गेली.

"हे सांगितलं कोणी?"

"दगडूबाबांनी. अगदी पहिल्या फादरांना."

दगडूबाबा! बरोबर. दुसरं कोण असणार? मिशनमध्ये पाहुणे आले की दगडूला पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची. तो फेटा बांधून बसायचा आणि पूर्वजांच्या चालीरीती सांगायचा. सिस्टर त्याचं इंग्रजीत करून सांगायच्या. पाहुणे माना डोलवायचे, त्याच्यासोबत फोटो काढून घ्यायचे. पाड्याची सगळी पुरातन विद्या जणू त्या एका फेट्याखाली बांधून ठेवलेली.

रंभा तिथून उठली ती तडक त्याच्या ओट्यावर. दगडू बिडी ओढत बसला होता. नात्याने लांबचा काका.

"दगडूकाका, बाईने पाण्याच्या वाटेला लोखंड लावायचं नाही, ही रीत कुठली?"

दगडूने आधी इकडेतिकडे बघितलं. ओट्यावर दुसरं कुणी नाही असं पाहून तो खुदकन हसला.

"ती होय? अगं, ती मीच काढलेली."

"काढलेली म्हणजे?"

"तवा तो पाइप टाकत होते. पहिला फादर बोलला, पाण्याची समिती करा, त्यात निम्म्या बाया पायजेत. आता समिती बसायची रात्री, माझ्याच ओट्यावर. बैठकीत काय चालायचं ते तुला ठाव हाय." त्याने अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला. "बाया येऊन बसल्या असत्या तर आमची बैठक गेली असती ना चुलीत. मग मी बोललो, फादर, आमच्यात बाया पाण्याच्या वाटेला लोखंड लावत नाय, आसरा कोपतात. मला वाटलं, तो वाद घालेल. तर त्याने टोपी काढली डोक्यावरची! बोलला, माफ करा, मला माहीत नव्हतं. एवढा मोठा शिकलेला माणूस, रंभे. तोवर माझं कोणी ऐकलेलं नव्हतं. फॉरेस्टवाला ऐकत नव्हता, तलाठी ऐकत नव्हता."

हे शेवटचं तो जरा हळू बोलला. रंभाच्या ते लक्षात आलं. पण तिला कीव आली नाही. चार पुरुषांची मोहाची दारू निर्धास्त चालावी म्हणून हा माणूस सहज एक वाक्य बोलून गेला होता, आणि त्या वाक्यापायी तिच्या जावेचा हात मोडला होता.

"रविवारी फादरांपुढे हे असंच सांग."

दगडूचं हसू मावळलं. "वेडी का? मला खोटा पाडतेस? आणि आता ती रीतच हाय. इतकी वरसं सगळे पाळतात, मग रीत नाय तर काय?"

"सांगणार नाहीस?"

"नाय." त्याने बिडी विझवली आणि आत गेला.

रंभाने मग त्या समितीतल्या इतरांची नावं आठवून पाहिली. जे होते ते सगळे वर पोचलेले. उरला हा एकटा, आणि त्याची खुर्ची त्याला सोडवत नव्हती. कादंबरीला तिने सगळं सांगितलं. पोरगी म्हणाली, "विकी सर बोलले, इथलं बंद झालं की ते पुन्हा येणार नाहीत. आणि मला लांब कुठे पाठवणार नाहीत घरचे." रविवारी खोली गेली की संपलं, हे दोघींनाही कळत होतं.

रविवारी हॉल भरला. सगळ्यांसाठी चहा आणि खारी होती, त्यामुळे म्हातारी-कोतारीसुद्धा आली होती. हत्यारं न्यायला आलेले विकी सर दाराशी पिशवी घेऊन उभे होते. नमुन्यादाखल एक मशीन पुढे मांडलं होतं. पाड्यातल्या बायकांनी नेहमीप्रमाणे त्याला हळदकुंकू लावलं आणि फादरांनी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर पाहिलं. मग ते पवित्र पाण्याची वाटी घेऊन पुढे आले.

"फादर, थांबा." रंभा उठून उभी राहिली. "पाणी शिंपडायच्या आधी मला एक विचारायचंय, सगळ्यांसमोर. दगडूकाका, आपल्यात बाईने पाण्याच्या वाटेला लोखंड लावायचं नाही, अशी रीत आहे का? खरं सांग."

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर दगडू ताठ बसला. त्याने डोळे मिटले, हात जोडले आणि पाहुण्यांसमोर लावायचा तो जाड आवाज लावला.

"हाय. वाडवडलांपासून हाय."

"काका!"

"आसरांशी खेळ नको, पोरी."

मागून पुरुष हुंकार भरू लागले. कादंबरीच्या बापाने, गणूनेही मान डोलवली. रीत निघाली तेव्हा तो शेंबडा पोर होता, त्याला काय ठाऊक? पण दगडूबाबा म्हणतो म्हणजे असणार. एक जवान पोरगा तर मोठ्याने बोलला, "आपल्या रीती मोडायला बघतात हे मिशनवाले!" फादर ते ऐकून पांढरेफटक पडले. त्यांनी रंभाकडे बघून हताशपणे हात पसरले. "पाहिलंत ना, रंभाताई? मी काय करू?"

रंभाला ओरडावंसं वाटलं. शुद्ध खोटं बोलणारा माणूस हात जोडून बसलाय, भला माणूस त्याच्यापुढे मान तुकवतोय, आणि खरं बोलणारी बाई तेवढी खोटी ठरतेय. तिच्याजवळ पुरावा नव्हता. होता तो फक्त संताप, आणि संतापाला कुणी साक्षीदार धरत नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "काय झालं गं? कोण ओरडतं?"

ती गंगुबाई होती, दगडूची आई. ऐंशीच्या पुढची, कानाने अधू, खारी चहात बुडवून खात बसलेली. शेजारच्या बाईने तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. इतकं मोठ्याने, की सगळ्या हॉलने पुन्हा एकदा ऐकलं. बाईने पाण्याच्या वाटेला लोखंड लावायचं नाही. आसरा कोपतात. दगडूबाबा म्हणतात.

गंगुबाईने चहाचा कप खाली ठेवला.

"कोण म्हणतो?"

"तुझा दगडू."

"इकडं ये रे," गंगुबाई म्हणाली. दगडू खुर्चीतून हलला नाही. "नाय येत? बस तिथंच. वरची बाव कोणी खणली, सांग बघू."

दगडू फेटा चाचपू लागला.

"मी खणली. मी आन माझ्या बहिणीने. तुझा बाप लाकडं तोडायला गेलेला, चार महिने पत्ता नाय. उन्हाळा असा, की झरा बोटाएवढा झालेला. तू पोटात होतास. पहार माझ्या हातात होती. दगड फुटून पाणी वर आलं, तवा आसरांना नारळ आम्हीच फोडला, भिजल्या हातांनी. कोपल्या असत्या तर तू जन्मला असतास का रे?" मग तिने लेकाच्या फेट्याकडे निरखून पाहिलं. "आता बघते तर वाटतं, थोड्या कोपल्याच असतील."

हॉलमध्ये असा हशा उसळला की खिडकीवरची कबुतरं उडाली. सगळ्यात मोठ्याने बायका हसल्या. दगडूची मान खाली गेली ती वर आली नाही.

फादर मच्याडो हसले नाहीत. पाण्याची वाटी तशीच हातात घेऊन ते गंगुबाईपाशी गेले आणि वाकले. शेजारच्या बाईसारखंच मोठ्याने बोलावं लागलं त्यांना. "आजी, मग इतकी वर्षं तुम्ही हे बोलला का नाहीत?"

"मला कोणी इचारलं?" गंगुबाई म्हणाली. "मला तर वाटायचं, तुमच्या येशूच्यात बायांना पाइप लावू देत नसतील. तुम्ही येता, दगडूला खुर्ची देता आन मला चा देता. इचारत कोण नाय."

फादरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी आपलं तेच केलं जे त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी केलं होतं. ते अदबीने म्हणाले, "मग आजी, तुमची परवानगी आहे ना? मुलींना शिकवू?"

म्हातारी भडकलीच. "आता माझी परवानगी कशाला? मी शिकणार का या वयात? शिकायचंय तिला. तिला इचार की!" आणि तिने खारी धरलेला हात कादंबरीकडे केला.

फादर वळले. कादंबरी भिंतीला टेकून उभी होती. गेल्या नाताळात याच हॉलमध्ये त्यांनी तिच्या हातात उत्तम शिवणाचं बक्षीस ठेवलं होतं.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"कादंबरी."

"कादंबरी, तुला काय शिकायचंय?"

किती साधा प्रश्न! रंभाने मनातल्या मनात सगळ्या बॅच चाळून पाहिल्या. या हॉलमध्ये हा प्रश्न कुठल्याही मुलीला आजवर कुणी विचारलेला तिला आठवेना. टेम्पो आले, पाहुणे आले, फोटो निघाले, आणि एवढं एक वाक्य बोलायला कुणाची जीभ झिजली नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी इतका राग आला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. जावेचा वाकडा हात, टॉवरच्या जिन्यांवर फडकी पिळणाऱ्या तिच्या सगळ्या मुली, कपाटातले ते परकर, सगळं एकदम दाटून आलं. तिने पदराने डोळे पुसले नाहीत. बघू देत, म्हणाली मनाशी.

"प्लंबिंग," कादंबरी म्हणाली. आवाज बारीक होता, पण तुटला नाही. मग तिने दाराशी उभ्या असलेल्या विकी सरांकडे पाहिलं, आणि पुढचं बोलताना तो आवाज नीट मोठा झाला. "आणि फादर, त्या खोलीतली खोकी आजच बाहेर काढा. बाकावर खोक्यांचा ढीग आहे, व्हाइस त्याच्याखाली दबलाय. मला वरच्या बावेचा सांधा जोडायचाय, त्याला तो लागेल."

फादरांची मान सवयीने वळली ती पहिल्या रांगेकडे, दगडूच्या खुर्चीकडे.

"तिकडे काय बघता, फादर?" रंभा कडाडली. "चला, खोकं उचला."